हेझमध्ये निवडलेली रायफल

काल सकाळी कपडे वाळत घालायला खिडकी उघडली आणि नाकात तो वास शिरला. ओला पालापाचोळा पेटवल्यावर येतो तसा, पण शिळा, समुद्र ओलांडून आलेला. समोरचा ब्लॉक फिका पडला होता. ईरा आतून म्हणाली, "आई, हेझ इज बॅक. क्लोज द विंडो ला." मी खिडकी लावली, कपाटावरचा एअर प्युरिफायर काढला, मास्कचा डबा शोधला. हात सगळं बिनचूक करत होते आणि छातीत मात्र धडधड सुरू झाली होती. ती धुराने होत नव्हती. चार वर्षांपूर्वी अशाच हेझमध्ये, शेजारच्या देशातल्या वणव्यांच्या धुरात, सिंगापुरातल्या पुंगोलच्या याच अकराव्या मजल्यावर खिडक्या लावून बसून मी माझ्या भावासाठी शिकारीची रायफल निवडली होती.

आता हे वाक्य लिहितानाही मी उगाच मागे वळून बघितलं. सिंगापुरात बंदुकीच्या गुन्ह्याला फाशीपर्यंत शिक्षा आहे, हे इथे उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं; च्युइंगमवरच्या बंदीच्या गोष्टीनंतर लगेच. त्यात मी जन्माची भित्री. लहानपणी दिवाळीत माळ लागली की मी भाताच्या कणगीमागे जाऊन बसायचे. दादा शोधून काढायचा, कानांवरचे हात सोडवायचा आणि म्हणायचा, "चल भागूबाई, संपलं." त्याने माझं खरं नाव गेल्या तीस वर्षांत घेतलेलं मला आठवत नाही.

दादा गुहागर तालुक्यात आमची शेती करतो. खाली भात, वर वरकस जमिनीत रताळी, कडेला काजू. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात. खातात थोडं, लोळून आडवं करतात फार. एका पहाटेत चार महिन्यांची मेहनत चिखलात गेलेली मी लहानपणी पाहिली आहे. त्यांना हाकलायला बाबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. तिचा आवाज झाला की भांडी वाजायची आणि मी कणगीमागे. त्या हेझच्या आदल्या वर्षी दादाने तिचा बार काढला तर दारू मागच्या बाजूनेच भडकली. भुवई जळली, उजव्या डोळ्यावर पंधरा दिवस पट्टी होती. वहिनीने मला फोटो पाठवला होता. मी तो ऑफिसच्या स्वच्छतागृहात उघडला आणि तिथेच कमोडवर झाकण टाकून बसून राहिले.

डोळा वाचला. मग दादाने कचेऱ्यांचे उंबरे झिजवून परवान्यात रायफलची नोंद करून घेतली, पीक खाणाऱ्या डुकरांसाठी वनखात्याची त्या हंगामापुरती परवानगी काढली आणि मला फोन केला. "भागूबाई, तू फ्रिज निवडतेस, गाद्या निवडतेस, बाबांचं कानाचं मशीन निवडलंस. माझी रायफल निवडून दे गो."

हे खरं आहे. मी हिशेबनीस आहे आणि आमच्या दोन्ही घरांत कुठलीही वस्तू माझ्या एक्सेलमधून गेल्याशिवाय येत नाही. डाव्या रकान्यात नावं, वर गुण, शेवटी बेरीज. शिरीष, माझा नवरा, म्हणतो की त्यालाही मी असाच निवडला असणार. दादाचं बजेट होतं एका दुभत्या म्हशीएवढं. मी भर घालते म्हटलं तर तो ऐकेना. हत्यार स्वतःच्या पैशाचं हवं, म्हणाला. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. फ्रिज चुकला तर दूध नासतं. ही निवड चुकली तर माणूस जाणार होतं. ते माणूस म्हणजे दादा, एवढंच तेव्हा मला दिसत होतं.

त्या सप्टेंबरात बाहेर आकडे चढत होते. सकाळी उठलं की देवाआधी लोक हवेचा निर्देशांक बघायचे. सुमात्रातली रानं जळत होती आणि त्यांचा धूर आमच्या पडद्यांत, उशांत, ईराच्या केसांत येऊन बसत होता. एलआरटी ट्रेनच्या डब्यात सगळे मास्क लावून गप्प. त्या गप्प डब्यात दादाचा फोन यायचा. मराठी कळणारा एखादा कान तिथे असेल या भीतीने मी रायफलला म्हैस म्हणायचे. "दादा, म्हशीचं वजन किती सांगितलं? साडेतीन किलो?" समोर बसलेली एक नऊवारी न नेसलेली पण गळ्यात मंगळसूत्र असलेली बाई एकदा माझ्याकडे बघतच राहिली. मी पुढच्या स्टेशनला उतरले. ते माझं स्टेशन नव्हतं.

शिरीष तर माझ्याहून धास्तावला. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा, अर्ज तेव्हा आत होता. "तू काय शोधतेयस हे कुणी बघितलं तर काय सांगणार? डुकरं?" असं म्हणून तो लॅपटॉपवरची माझी हिस्टरी पुसायचा. मी पुन्हा शोधायचे, तो पुन्हा पुसायचा. वाचणं हा गुन्हा नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तरी दारावरची बेल वाजली की आम्ही एकमेकांकडे बघायचो. बहुतेक वेळा पार्सल असायचं.

भीत भीत मी शिकले मात्र पुष्कळ. टू-टू बोअरची रायफल स्वस्त आणि हलकी, पण तिची गोळी डुकराला मारत नाही, नुसती चिडवते; आणि जखमी डुक्कर सरळ माणसावर येतं. तिथे मी लाल रंग भरला. परदेशी, मोठ्या गोळीच्या रायफली देखण्या, पण त्यांची काडतुसं चिपळुणातच काय, कोल्हापुरातही मिळायची मारामार. काडतूस मिळत नसलेली रायफल म्हणजे महागडी काठी. दुर्बीण लावायची तर अर्धं बजेट तिच्यात, आणि कोकणातल्या दमट हवेत तिच्या काचा आतून धुरकटतात. उरली थ्री-फिफ्टीन. सरकारी कारखान्याची, साधी, हाताने खटका मागेपुढे ओढायची, गोळी तालुक्याला मिळणारी. नवी परवडत नव्हती, म्हणून जुनी, पण निगेतली. जुनी घेताना लाकडी दस्त्याला हाताच्या पकडीजवळ चीर आहे का ते बघायचं, खटका अडखळतो का ते बघायचं, आणि सगळ्यात आधी नळी आतून बघायची.

कोल्हापूरच्या एका हत्यारांच्या दुकानदाराने नळीचा फोटो पाठवला. मागच्या बाजूला पांढरा कागद धरून त्याने पुढून, तोंडाकडून फोटो काढला होता. मी जेवणाच्या सुट्टीत तो उघडला. गोल भोक, आत चकाकते पिळदार चर, मधे उजेडाचा ठिपका. गंज नाही, खड्डे नाहीत. नळी उत्तम होती. आणि मी रायफलच्या तोंडात डोळा घालून बसले होते. रिकामी आहे, हजारो मैलांवर आहे, फोटो आहे, सगळं कळत होतं. तरी मी फोन उलटा ठेवला आणि तो दिवसभर सरळ केला नाही.

मला खरं शिकवलं ते टॅन अंकलनी. आमच्या शेजारच्या दारातले, सत्तरीचे, बसच्या डेपोतून निवृत्त झालेले. या देशात कुणाच्या घरात बंदूक नाही, पण प्रत्येक पुरुषाने तरुणपणी सैन्यात ती उचललेली आहे. हे माझ्या ध्यानात यायला सहा वर्षं लागली. एका शनिवारी सकाळी ते मास्क लावून कॉरिडॉरमधली राख पुसत होते. मी धीर करून विचारलं. भाऊ, शेतकरी, डुकरं, असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

ते हसले. "वाइल्ड पिग? हिअर ऑल्सो लास्ट टाइम पिग फार्म, यू नो. पुंगोल ऑल पिग." मग त्यांनी मॉप उलटा केला, बादलीत न बुडवलेलं टोक पुढे, आणि दांडा खांद्याला लावला. सत्तरीचा वाकलेला माणूस एका क्षणात ताठ झाला. गाल दांड्याला टेकला, एक डोळा मिटला. दांड्याचं टोक समोरच्या ब्लॉककडे. मला इतकी भीती वाटली की मी हाताने तो दांडा खाली केला. "अंकल, प्लीज."

"फर्स्ट, मस्ट फिट. लाइक शर्ट." त्यांनी कोपराच्या आतल्या खळीपासून बोटाच्या पेरापर्यंत अंतर दाखवलं. तेवढा दस्ता हवा. लांब झाला तर अडकतो, आखूड झाला तर तोंडावर आपटतो. महाग-स्वस्त नंतर. मी मान डोलावत होते. मग त्यांनी बोट समोर केलं. "नाउ यू टेल मी. व्हॉट इज बिहाइंड?"

समोरच्या ब्लॉकच्या मागे काय आहे? शाळा आहे, मी रोज ईराला तिथून आणते. पण त्या दिवशी ब्लॉकच धड दिसत नव्हता, मागे नुसता राखाडी पडदा. मी म्हटलं, "नथिंग. कान्ट सी."

"कान्ट सी इज नॉट नथिंग," टॅन अंकल म्हणाले. "बुलेट डोन्ट स्टॉप बिकॉज यू कान्ट सी." आणि मॉप सरळ करून राख पुसायला लागले.

मी घरात येऊन एक्सेलमध्ये शेवटचा रकाना घातला: मागे काय आहे. दादाला फोन केला. त्याने वहिनीकडून शिंप्याच्या टेपने हाताचं माप घेऊन सांगितलं, ते दुकानातल्या दस्त्याशी तंतोतंत जुळलं. मग मी विचारलं, "आणि तू नेम धरशील तेव्हा मागे काय असेल?"

"मागे माझंच रान आहे, भागूबाई. काजू, फणस, बांध. कोण येतंय तिथे मरायला?"

मी रकान्यात लिहिलं: माझंच रान. हिरवा रंग भरला. बेरीज केली. कोल्हापूरची जुनी थ्री-फिफ्टीन पहिली आली.

दादाने ती आणायला जाताना माझी यादी खिशात ठेवली होती. दुकानदाराच्या ओळखीच्या माळावर मातीच्या भरावासमोर तीन मडकी मांडून तीन बार काढले, तिन्ही फुटली. ठाण्यात नोंद केली आणि दसऱ्याच्या आत रायफल घरी आणली, कारण नवं हत्यार दसऱ्याला पुजल्याशिवाय कामाला लावायचं नाही ही आमच्या घरची रीत. तो दसरा मला मिनिटामिनिटाने आठवतो. इकडे आमच्या हॉलमध्ये पाटावर लॅपटॉप, ईराची कंपासपेटी, शिरीषच्या सायकलचा पाना. तिकडे वहिनीने फोन तांब्याला टेकवून ठेवलेला. रांगोळी, पाट, त्यावर कोयता, विळा, पहार आणि मधोमध ती. काळी नळी, चॉकलेटी दस्ता. मी तिला फोटोंतून इतकं पाहिलं होतं की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच भीती वाटली.

"रिकामी आहे ना?"

दादाने खटका मागे ओढून दाखवला. मी तीनदा विचारलं, त्याने तीनदा दाखवला. ईरा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "मामाज गन सो लाँग, सिया." वहिनी ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढायला लागली. नळीवर, दस्त्यावर, खटक्यावर. आणि मी, जिला सहा आठवड्यांपूर्वी रायफलची पुढची-मागची बाजू कळत नव्हती, मी शहाणपणाने म्हणाले, "वहिनी, ती वरची छोटी खाच राहिली. तिथून दादा नेम धरणार. तिथे आधी लावायला हवं."

"कुठे गो?"

"नळीच्या मागच्या बाजूला, वर. हां, तीच. पुढचा दाणा त्या खाचेत दिसला पाहिजे, मग नेम लागतो." मला माझ्या ज्ञानाचा अभिमान वाटत होता. वहिनीने अनामिकेने खाच भरभरून हळदकुंकू लावलं आणि वर अक्षता टाकल्या. दोन तिथेच चिकटल्या. मी स्क्रीनशॉट घेतला. आमच्याकडे पूजलेल्या हत्यारावरचं कुंकू पुसत नाहीत. काम सुरू झालं की ते आपसूक जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. मी ऑफिसला निघाले होते, लिफ्टसमोर उभी. "चुकलं," तो म्हणाला. "एक बार काढला. नेम हलला. डुक्कर पळालं."

"तू बरा आहेस ना? डोळा?"

"मला काय धाड भरलीय."

इतकंच. मला हायसं वाटलं. डोळा शाबूत, हात शाबूत, रायफल फुटली नाही, मला कुणी पकडलं नाही. काही दिवसांनी वारा फिरला, पाऊस आला, समोरच्या ब्लॉकच्या खिडक्या पुन्हा मोजता यायला लागल्या. पुढे पीआरही झालं. दादा रायफलविषयी बोलेना, मीही विचारलं नाही. भित्र्या माणसाला न विचारण्याची सवय फार लवकर लागते.

दीड वर्षाने मे महिन्यात आम्ही गावी गेलो. शेताच्या कडेने सौरऊर्जेवरची झटक्याची तार लावलेली होती. रायफल भिंतीवर नव्हती. ती दुकानदाराला परत दिली, दादा म्हणाला, आणि आंब्यांच्या पेट्या बघायला निघून गेला. संध्याकाळी वहिनी मला म्हणाली, "चल, फणस काढू." वरच्या बांधावर आमचा जुना फणस आहे, त्याला लागून घरून शेतात उतरणारी पायवाट. फणस तिने काढलाच नाही. खोडापाशी उभी राहिली आणि साल दाखवली. तिथे एक भोक होतं. कडा बाहेरून काळ्या पडलेल्या, चीक गळून वाळून पिवळा झालेला.

"त्या दिवशीचं," वहिनी म्हणाली. "हे खालच्या भाताच्या कुणग्यात बसले होते. डुक्कर वरच्या बांधाशी. धुकं होतं, हा फणससुद्धा दिसत नव्हता म्हणाले."

वहिनी माझ्याहून बुटकी आहे. ते भोक तिच्या कपाळाच्या उंचीवर होतं, नेमकं टिकलीच्या.

"मी रोज पहाटे यांना चहा घेऊन यायची ना, याच वाटेने. त्या दिवशी लौकर निघाले होते. अंगणात लक्षात आलं, चहात साखरच घातली नाही. परत फिरले. डबा उघडला आणि आवाज झाला."

मी खाली बसले. वहिनीही शेजारी बसली. म्हणाली की दादाने नंतर रायफल साफ केली तेव्हा मागच्या खाचेत वाळलेलं हळदकुंकू खच्चून बसलेलं होतं, आणि तांदळाचे दोन दाणे. पहाटेच्या अंधुक उजेडात खाच भरलेली त्याला कळली नाही. पुढचा दाणा दिसेना म्हणून तो नळी उचलत गेला, उचलत गेला, आणि गोळी डुकराच्या वरून गेली.

"मीच लावलं होतं गो," वहिनी म्हणाली. "यांना दोष नको देऊस."

मी म्हणायला हवं होतं की मी लावायला सांगितलं. फोनवरून, शहाणपणा मिरवत, मीच. तिलाही ते आठवत असणार, तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण तिने ते स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. मी भोकात बोट घातलं. करंगळी पेरापर्यंत आत गेली. आत कुठेतरी ती गोळी होती, मी निवडलेली, तालुक्याला सहज मिळणारी.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर, प्युरिफायरच्या घरघरीत, मी जुना लॅपटॉप काढला. शिरीषने हिस्टरी पुसली होती, पण ती एक्सेलची फाइल मी 'म्हैस' नावाने ठेवली होती, ती तशीच होती. वजन, किंमत, गोळी, दस्ता, नळी. सगळे आकडे बरोबर होते. आज तपासले तरी तीच रायफल पहिली येते. दसरा जवळ आला आहे, वहिनीला फोन करायचा आहे. या वेळी 'मी लावायला सांगितलं' हे वाक्य मी बोलणार आहे. 'मागे काय आहे' या शेवटच्या रकान्यापाशी गेले. हिरव्या चौकटीत 'माझंच रान' असं लिहिलेलं होतं. मी ते खोडलं आणि तिथे लिहिलं: वहिनी.